जिन्यावरचा दिवा आणि संगणकाचे कोडे



दुमजली घराच्या जिन्यावरचा दिवा सर्वांच्या माहितीचा आहे. एक बटण खाली, एक बटण वर. खालून लावावा, वर जाऊन विझवावा. दोहोंपैकी कोणतेही एक बटण फिरवले की दिव्याची अवस्था बदलते. वायरमनला विचारले तर तो याला 'टू-वे'चे कनेक्शन म्हणेल. संगणक शिकलेला मुलगा यालाच 'एक्सॉर गेट' म्हणेल. दोघेही एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात, परंतु त्यांची भेट सहसा होत नाही. ती भेट एका खेळाच्या निमित्ताने झालेली मी पाहिली, म्हणून आजचे सदर त्या खेळासाठी.

मोबाईलवरचा खेळ म्हटला की आईबापांच्या कपाळावर आठी पडते, आणि पुष्कळदा ती योग्यच असते. पण ज्या खेळांबद्दल मी सांगतो आहे त्यांत बंदूक नाही, पैज नाही. खेळणाऱ्याने संगणकाचे आतले भाग स्वतः जोडायचे असतात. मोठ्या कंपनीचे पाठबळ नसताना एक-दोन माणसे मिळून असे खेळ बनवतात, त्यांना 'इंडी' खेळ म्हणतात. अमेरिकेतील झॅक बार्थ या गृहस्थाने २००९ साली सिलिकॉनचे थर आखून चिप बनवण्याचा एक खेळ काढला होता. पुढे २०१६ साली त्यांच्या झॅकट्रॉनिक्सने 'शेनझेन आय-ओ' आणला. त्यात आपण चीनमधील एका कंपनीत इंजिनियर म्हणून रुजू होतो आणि उपकरणांची सर्किटे तयार करतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये 'ट्युरिंग कम्प्लीट' विक्रीस आला. त्यात सुरुवातीला एकच भाग हाती मिळतो आणि त्यातून पायरी-पायरीने आख्खा संगणक उभा करायचा असतो. 'नँडगेम' हा याच प्रकारचा खेळ तर इंटरनेटवर फुकट खेळता येतो.

तो एकच भाग म्हणजे 'नँड गेट'. मंडळाचे बँकेत खाते असते ना, त्याच उदाहरणाने सांगतो. अध्यक्ष आणि खजिनदार दोघांच्या सह्या असतील तरच चेक वटतो, हे झाले 'अँड'. दोघांपैकी कोणा एकाची सही चालत असेल तर ते 'ऑर'. 'नँड' म्हणजे 'अँड'च्या बरोबर उलट. दोघांच्याही सह्या असतील तर चेक परत, एकाची असेल किंवा एकाचीही नसेल तर चेक पास! असा नियम करणारे मंडळ वर्षभरही टिकणार नाही. पण संगणकाला हा विचित्र नियम एकटा पुरतो. याच्या दोन्ही टोकांना एकच तार जोडली की 'हो'चे 'नाही' आणि 'नाही'चे 'हो' होते. त्यानंतर 'अँड', 'ऑर' आणि जिन्यावरचा दिवा, सर्व काही त्यातून उभे राहते. एकाच क्रियेतून तर्काच्या बाकी सर्व क्रिया बांधता येतात, हे हेन्री शेफर यांनी १९१३ सालीच दाखवून दिले होते. चंद्रावर माणसे नेणाऱ्या अपोलो यानातील संगणकसुद्धा 'नॉर' नावाच्या एकाच प्रकारच्या गेटांतून बांधलेला होता.

ज्या बीजगणितावर हे सारे उभे आहे ते जॉर्ज बूल यांचे. १८१५ साली इंग्लंडमधील लिंकन गावी जन्म, वडील जोडे शिवणारे. सोळाव्या वर्षी घर चालवण्यासाठी शिक्षकी धरली. विद्यापीठाची पदवी नसताना १८४९ साली आयर्लंडमधील कॉर्कच्या कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. १८५४ साली त्यांचा विचारांच्या नियमांवरील ग्रंथ आला. त्यानंतर ८३ वर्षांनी, १९३७ साली, क्लॉड शॅनन या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवले की बूल यांचे बीजगणित आणि विजेची बटणे या दोन निराळ्या गोष्टी नाहीतच. आपल्याकडे बारावी विज्ञानाच्या गणितात तर्कशास्त्राचा धडा असतो, त्यात ही बटणे येतात. मुले सत्यता सारणी पाठ करतात, गुण घेतात आणि घरी येऊन जिन्यावरचा दिवा लावतात. दोहोंचा संबंध त्यांना कोणी सांगितलेला नसतो.

आता असा खेळ बनवणाऱ्यापुढची अडचण पाहा. कोडे अवघड आहे की सोपे, हे त्याला स्वतःला कधीच कळू शकत नाही, कारण त्याला उत्तर ठाऊक असते. बी.कॉम.ला हिशेब तपासणी शिकलेल्यांना आठवत असेल, हिशेब लिहिणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा असावा लागतो. स्वतः केलेल्या बेरजेवरून आपली नजर घसरून जाते. म्हणून खेळ पुरा होण्याआधी परक्या माणसांना खेळायला बसवतात आणि ती कोठे अडतात ते पाहतात. याला 'प्लेटेस्टिंग' म्हणतात. व्हॉल्व्ह या कंपनीच्या २००७ सालच्या 'पोर्टल' या कोड्यांच्या खेळातले उदाहरण प्रसिद्ध आहे. एका टप्प्यात खेळणाऱ्याने एक पेटी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर न्यायची होती. चाचणीला बसलेली माणसे ती वाटेतच विसरत. कंपनीने माणसांना दोष दिला नाही. पेटीवर हृदयाचे चित्र काढले, तिच्याबद्दल दोन वाक्ये खेळात घातली, आणि लोक पेटी जिवापाड जपू लागले.

या कामाचा पहिला नियम असा की बनवणाऱ्याने मागे बसायचे आणि तोंड उघडायचे नाही. खेळ विकत घेणाऱ्याच्या घरी तो काही समजावून सांगायला जाणार नसतो. दुसरा नियम असा की एका कोड्यासाठी एक माणूस एकदाच कामाला येतो. एकदा पाहिले की त्याचा नवखेपणा संपला. तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण तो मी ज्याच्या तोंडून ऐकला त्याच्याच शब्दांत सांगतो.

आमच्या वस्तीतला एक तरुण पुण्याला नोकरी करतो आणि रात्री जागून असाच एक खेळ तयार करतो आहे, तोही मराठीतून. एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन आमच्या अभ्यासिकेत आला. नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. कारकुनाला दुसरे काय देणार! रजिस्टरमध्ये तीन रकाने आखले : वेळ, कोठे थांबले, काय बोलले. सुरुवात करण्यापूर्वी तो म्हणाला, "काका, 'कळलं का' असं कुणालाच विचारायचं नाही. सगळे हो म्हणतात. 'आता काय होईल असं वाटतं' एवढंच विचारा."

पहिली बसली ती नववीतली मुलगी. 'हो'चे 'नाही' करायचे कोडे होते. चौथ्या मिनिटाला तिने तारा बरोबर जोडल्या. 'तपासा' हे बटण दाबायचे तेवढे बाकी होते. ते न दाबता तिने एकेक तार काढून टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. असे तीन वेळा झाले. मागे तो तरुण ओठ आवळून बसलेला. शेवटी मी ठरलेला प्रश्न विचारला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "लाल झालं म्हणजे माझं चुकलं ना?"

खेळात प्रवाह वाहणारी तार लाल दिसत होती. बनवणाऱ्याच्या लेखी लाल म्हणजे चालू. तिच्या वहीत नऊ वर्षे लाल म्हणजे चूक. तिला कोडे सुटले होते, तीन वेळा सुटले होते, आणि तीनही वेळा तिने ते स्वतःच्या हाताने मोडले. आम्ही 'कळलं का' विचारले असते तर मान हलवून ती घरी गेली असती, आणि आपल्याला संगणक जमत नाही एवढेच बरोबर घेऊन गेली असती. त्या तरुणाने तिथल्या तिथे तारेचा रंग पिवळा केला. दिवा लागतो तसा.

दुसरे आमचे वायरमन दादा, आयटीआय झालेले. लाल तारेचे त्यांना काहीच वाटले नाही. एक्सॉरची सारणी समोर आली, दोन्ही सारखे तर शून्य आणि वेगळे तर एक, तसे ते मोठ्याने हसले. "अरे, हे तर जिन्याचं कनेक्शन!" सारणी ओळखायला त्यांना एक मिनिटही लागले नाही. परंतु जोडणीत ते अडले. हाताच्या सवयीने त्यांनी दोन गेटांमधून बाहेर येणाऱ्या तारा एकत्र बांधल्या. वायरिंगमध्ये दोन वाटा एका दिव्याला आणणे चालते. गेटांत एक 'हो' म्हणतो, दुसरा 'नाही' म्हणतो आणि भांडण लागते. खेळाने नुसता 'त्रुटी' असा शब्द दाखवला. दादा चिडले, "काय चुकलं ते तरी सांगा की!" त्यांचे म्हणणे रास्त होते. कार्यालयातून अर्ज परत येतो तेव्हा त्यावर नुसते 'त्रुटी' असा शेरा असला की माणसाची काय गत होते, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. आता तेथे पूर्ण वाक्य आहे : दोन गेटांची बाहेर येणारी टोके एकत्र बांधता येत नाहीत.

तिसऱ्या बालवाडीच्या ताई. त्यांनी सारणी पाहिली आणि स्वतःशीच बोलू लागल्या, "दोन पोरं, एक खेळणं. कुणीतरी एकानं घ्यायचं, दोघांनी मिळून ओढायचं नाही." तर्काच्या भाषेत हे अगदी बिनचूक आहे. 'किमान एक' म्हणजे ऑर, 'दोन्ही नकोत' म्हणजे नँड, आणि या दोन्ही अटी एकदम पाळायच्या म्हणजे अँड. ऑरला तीन नँड लागतात, अँडला दोन आणि स्वतःचा एक, एकूण सहा. पण खेळाने त्यांना चारच दिले होते! बनवणाऱ्याला चार नँडमधले उत्तर ठाऊक होते, म्हणून चारच ठेवलेले. ताईंचे बरोबर उत्तर खेळात मावेना.

त्या दिवशीच्या सर्व नोंदींत ही नोंद मला सर्वांत मोठी वाटते. झॅकट्रॉनिक्सच्या खेळांत ही काळजी घेतलेली असते. 'शेनझेन आय-ओ'मध्ये आधी काम होऊ द्यायचे, मग खर्च किती, वीज किती, सूचनांच्या ओळी किती याचा आलेख पुढे येतो आणि इतरांच्या मानाने आपण कोठे आहोत ते दिसते. काटकसर ज्याला करायची त्याने पुन्हा करावी. ताईंच्या नोंदीनंतर त्या तरुणानेही हवे तितके गेट खुले केले. चारांत बसवणाऱ्याला एक तारा जास्त.

या परदेशी खेळांबद्दल माझी तक्रारही आहे. 'शेनझेन आय-ओ'बरोबर तीस पानांहून जास्त माहितीपत्रके येतात आणि ती वाचल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. खऱ्या इंजिनियरला तशीच कागदपत्रे वाचावी लागतात, हे मान्य. नियमांची पुस्तके वाचण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याला तर ती पद्धत आवडते. पण ज्या घरात पहिलीच मुलगी इंग्रजी वाचते आहे तेथे ती तीस पाने म्हणजे भिंत. दुसरे असे की हे खेळ पुष्कळदा अपुरे असतानाच विकायला काढतात. 'शेनझेन आय-ओ' ऑक्टोबर २०१६ मध्ये तसा आला आणि नोव्हेंबरात पुरा झाला. त्या काळात चाचणी कोण करतो? जो असले खेळ आधीच खेळतो तो, पदरचे पैसे देऊन. त्याला लाल तारेचा त्रास कधीच होणार नाही, आणि म्हणून तो सांगणारही नाही. मग खेळ त्याच्याच मापाचा शिवला जातो.

आणखी एक, त्या तरुणाला तोंडावर सांगितले तेच येथे लिहितो. चाचणी हे काम आहे. चहा-बिस्किटावर ते आटोपू नये. बसणाऱ्याला त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा, आणि खेळाच्या शेवटी बनवणाऱ्यांची नावे येतात त्यांत यांचीही नावे यावीत. नावांचे त्याने कबूल केले आहे. मोबदल्याचे, खेळ विकला गेल्यावर पाहू म्हणतो. मी रजिस्टरात नोंद करून ठेवली आहे.

पुढचे कोडे हातच्याचे आहे. एक अधिक एक केले की संगणकाच्या हिशेबात शून्य मांडायचे आणि हातचा एक घ्यायचा. जिन्याचा दिवा शून्य-एक मांडतो आणि दोन सह्यांचा चेक हातचा धरतो. एवढ्यावर बेरजेचे यंत्र तयार होते. यासाठी त्याला नवी माणसे हवी आहेत, ज्यांनी हा खेळ अजून पाहिलेला नाही अशी. बाजारात भाजी विकताना तोंडी हिशेब करणारी एखादी मावशी मिळाली तर फारच उत्तम. दर रविवारी चार वाजता आम्ही अभ्यासिकेत असतो. ती नववीतली मुलगीही असते, पण तिला आता खेळायला बसवत नाहीत. रजिस्टर तिच्याकडे दिले आहे.