आधी शब्द, मग शिक्षा : ‘गुन्हेगार जमात’ या दोन शब्दांची गोष्ट

१/११
खटल्याचा निकाल न्यायालयात लागतो, असे आपण मानतो. लोकांच्या मनातला निकाल मात्र पुष्कळदा त्याआधीच लागलेला असतो आणि तो लावणारा असतो बातमीतला एखादा शब्द. आमच्या वऱ्हाडात याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे फासेपारधी.

२/११
मूळ नाव पाहा. पारध म्हणजे शिकार, फासे म्हणजे पाखरे-हरणे धरण्याची साधने. भातकुलीपासून अकोल्यापर्यंतच्या काळ्या रानात तित्तर, लावे, हरणे यांवर जगणाऱ्यांचा व्यवसाय या नावात आहे. गुन्ह्याचा त्यात मागमूस नाही. तो नंतर चिकटला.

३/११
त्याची पूर्वपीठिका ‘ठग’ या शब्दात आहे. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे ठरले. कोणते कृत्य केले, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. १८३९ साली मेडोज टेलरच्या कादंबरीने हा शब्द इंग्लंडच्या घराघरांत नेला. हाच टेलर १८५७ मध्ये आपल्या बुलढाण्यात अधिकारी म्हणून आला होता.

४/११
पुढे १८७१ चा सत्ताविसावा कायदा आला : क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट. सरकारी बाजूचा युक्तिवाद असा की, या देशात सुतारकी, विणकाम जसे पिढीजात चालते तशी गुन्हेगारीही चालते. जात आणि व्यवसाय यांच्या जोडीत ‘गुन्हा’ हा शब्द अलगद बसवला गेला.

५/११
कायद्यातले क्रियापद तर विशेष पाहण्याजोगे आहे. एखादी जमात अजामीनपात्र गुन्ह्यांना ‘ॲडिक्टेड’ आहे, असे सरकारला वाटले की पुरे. म्हणजे व्यसन जडलेली. व्यसन माणसाला जडते, येथे ते अख्ख्या जमातीला जडवले गेले, पाळण्यातल्या मुलासकट. आणि अशा अधिसूचनेच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयाला प्रश्न विचारता येणार नव्हता!

६/११
परिणाम काय झाले? नावांची नोंदणी, पोलिसांपुढे हजेरी, परवान्याशिवाय हद्द ओलांडण्यास बंदी. पुढे मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची तरतूदही आली. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला कायदा १९११ मध्ये सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी खुला झाला. १९२४ मध्ये तो नव्याने बांधला गेला.

७/११
स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. या जमातींना नवे नाव मिळाले, ‘विमुक्त’. शब्द सुंदर खरा. पण मुक्त कशातून, असे विचारले की जुना शब्द पुन्हा पुढे येतो. शिवाय जागोजागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. जमातीचे नाव कागदावरून गेले, संशयाची सवय तशीच राहिली.

८/११
आता आजच्या बातम्यांची भाषा पाहू. ‘पारधी टोळी जेरबंद’, ‘सापळा रचून मुसक्या आवळल्या’. जेरबंद हा घोड्याच्या साजातला शब्द, सापळा हा शिकारीतला. ज्यांचे पोट शिकारीवर होते, त्यांच्यासाठी शिकारीचीच भाषा! अशी बातमी वाचणाऱ्याला समोर माणूस दिसत नाही, सावज दिसते. आणि सावज निर्दोष आहे की नाही, हे कोणी विचारत नाही.

९/११
यावर आक्षेप येईल की, चोरी झाली, तक्रार आली, मग लिहायचे तरी काय? तक्रार खरी असेल तर आरोपीचे नाव लिहावे, कलम लिहावे, ‘संशयित’ लिहावे. बँकेतल्या अपहाराच्या बातमीत आरोपीची जात मथळ्यात येते का? येत नाही, कारण तिथे गुन्हा एका माणसाचा असतो. पारध्याच्या वाट्याला एवढाही न्याय येऊ नये काय? अशा मथळ्याने पीडिताला न्याय लवकर मिळत नाही. उलट एकाच्या आरोपाचा भार सगळ्या बेड्यावर पडतो आणि दुसऱ्या दिवशी त्या बेड्यातल्या बाईला कामावर घेताना लोक कचरतात.

१०/११
हा केवळ भूतकाळ नव्हे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग-नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. भटक्या-विमुक्तांना स्वभावतःच गुन्हेगार वा पळपुटे मानणारी भाषाही त्यात तपासली गेली. कायदा रद्द झाल्यावर ७२ वर्षांनी!

११/११
आपल्याच जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा येथे, फासेपारधी मुलांसाठी एक आश्रमशाळा उभी राहिली. तिचे नाव ‘प्रश्नचिन्ह’. इतिहासाची आवड असणाऱ्या मित्रांनो, हेच चिन्ह आपणही वापरू या. रसेल-हिरालाल यांचा १९१६ चा ग्रंथ आणि जुनी जिल्हा गॅझेटियर वाचताना प्रत्येक जमातीपुढचे विशेषण वहीत टिपून ठेवा. मग आजचे वर्तमानपत्र शेजारी ठेवा आणि त्यातली कोणती विशेषणे अजून चालू आहेत, ते मोजा.