थ्रेड : सृष्टीच्या जन्मकथा आणि घोडनदीकाठचे एक अबोल गाव

१/ समाजमाध्यमांवर एक तक्ता वरचेवर फिरत असतो. एका रकान्यात संस्कृतींची नावे, दुसऱ्यात ‘माणूस कशापासून घडला’ याचे उत्तर. इजिप्त : माती. बाबिलोन : माती. चीन : माती. हिब्रू परंपरा : माती. तक्त्याखाली निष्कर्षही तयार असतो : जगातील सर्व सृष्टिकथा मुळात एकच आहेत. आणि ते मूळ बहुधा तक्ता करणाऱ्याच्याच अंगणात सापडते.

२/ तक्त्यातील नोंदी खोट्या नाहीत, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. सृष्टिकथांच्या तुलनेत साम्यापेक्षा भेद अधिक बोलका असतो. आणि जिथे कथाच उरलेली नाही, तिथे दुसरीकडची कथा आणून बसवणे हा अभ्यास नव्हे. या दोन्ही गोष्टी पारखून पाहण्यासाठी पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके व त्यांच्या सीमेवरचा भीमाकाठ पुरेसा आहे. मात्र तिथे पोहोचण्याआधी जगाचा एक फेरा घेणे आवश्यक आहे.

३/ प्रथम साम्य. इजिप्तचा ख्नूम हा देव कुंभाराच्या चाकावर माणसे घडवतो. चीनची न्यूवा ही देवी पिवळ्या मातीचे पुतळे करते. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात ईश्वर मातीचा मनुष्य घडवून त्याच्या नाकपुड्यांत प्राण फुंकतो. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या परंपरेत ओबाताला हा देव मातीतून मानवी देहांना आकार देतो.

४/ यासाठी एकच उगम मानण्याची गरज नाही. हे सारे समाज शेती करणारे, मडकी घडवणारे आणि मृतदेह मातीत मिसळताना पाहणारे. ओल्या मातीला बोटांनी आकार येतो आणि विस्तवात भाजले की तो आकार टिकतो, हा अनुभव जगभर सारखाच. ज्यांच्या हातून रोज मातीचे काही ना काही घडत होते, त्यांना निर्माता कुंभारासारखा वाटावा, ही कल्पना ठिकठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते.

५/ म्हणून ‘माती होती का’ या प्रश्नावर थांबू नये. मातीत काय मिसळले आणि माणूस कशासाठी घडवला, हे विचारावे. बाबिलोनच्या ‘अत्राहासिस’ काव्याची एक महत्त्वाची प्रत इ. स. पू. १७व्या शतकातील आहे. त्यात कनिष्ठ देव कालवे खणून थकतात आणि बंड करतात. मग एका देवाला मारून त्याचे रक्तमांस मातीत कालवले जाते. माणूस जन्माला येतो तो देवांच्या कष्टाचा भार वाहण्यासाठी. कालव्यांवर जगणाऱ्या, वेठीची ओळख असलेल्या समाजाची ही कथा आहे.

६/ न्यूवाची कथा निराळ्याच प्रश्नाला उत्तर देते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात यिंग शाओ या चिनी लेखकाने ती नोंदवली. देवी आरंभी एकेक माणूस हाताने घडवते. पुढे ती थकते, दोर चिखलात बुडवून फिरवते आणि त्यातून माणसे होतात. हाताने घडलेले ते धनवान व प्रतिष्ठित, दोरातून झालेले ते सामान्य. माती तीच, पण इथे ती समाजातील उतरंडीचे समर्थन करते.

७/ मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या ‘पोपोल वूह’मध्येही मातीचा माणूस आहे, पण तो फसलेला प्रयोग म्हणून. तो पाण्यात विरघळतो. नंतर लाकडाची माणसे केली जातात, तर त्यांना देवांची आठवण राहत नाही. अखेरीस मक्याच्या पिठातून खरी माणसे होतात. तक्त्यात माया संस्कृतीपुढेही ‘माती’ लिहिता येईल, मात्र त्याने कथेचा अर्थच उलटेल. मका पिकवणाऱ्या समाजाने आपला देह मक्याचा मानला, हे तक्त्याला दिसत नाही.

८/ महाराष्ट्रातील मेळघाटात कोरकू समाज राहतो. या समाजाची जन्मकथा रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मधील ग्रंथात नोंदलेली आहे. विंध्य-सातपुड्याचे डोंगर ओसाड पाहून रावण महादेवाला तिथे वस्ती करण्याची विनंती करतो. महादेवाचा कावळा तांबड्या मातीचे वारूळ शोधून काढतो. महादेव त्या मातीचे स्त्री-पुरुष घडवतो. इंद्राचे अग्निमय घोडे ते तुडवून टाकतात. शेवटी महादेव आधी कुत्रा घडवतो. तो घोड्यांना रोखून धरतो, आणि मूला व मूलाई हे पहिले जोडपे जिवंत होते.

९/ ‘कोरकू : माती’ एवढेच लिहिले तर काय हरवते पाहा. इथे विनंती करणारा रावण आहे आणि विध्वंसक इंद्र. डोंगरातील माणूस जगतो तो कुत्र्याच्या राखणीमुळे. मैदानातील पुराणांची पात्रे कोरकूंनी घेतली, पण त्यांच्या भूमिका आपल्या डोंगरावरून पाहून ठरवल्या. इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी पडते ते हेच, आणि तक्ता नेमके हेच गाळतो.

१०/ आता भीमाकाठी. दौंडजवळ, नदीच्या पैलतीरी कर्जत तालुक्यात सिद्धटेक आहे. अष्टविनायकांपैकी या स्थानाची कथा सृष्टीच्या आरंभाशी जोडलेली आहे. विष्णूच्या नाभिकमलात ब्रह्मदेव सृष्टिकार्यात मग्न असताना विष्णूच्या कानातील मळातून मधु आणि कैटभ हे दैत्य निर्माण होतात व त्याच्यावर चालून जातात. विष्णूला ते आवरत नाहीत. तो या टेकडीवर गणेशाची आराधना करतो, सिद्धी मिळवतो आणि मग त्यांचा वध करतो. पुराणपरंपरेत या दैत्यांच्या मेदामुळे पृथ्वीला ‘मेदिनी’ हे नाव मिळाले असेही सांगतात.

११/ मारलेल्या देहातून जग, हा प्रकारही दूरवर आढळतो. बाबिलोनच्या ‘एनुमा एलिश’मध्ये मार्दुक तियामतला मारून तिच्या देहाचे आकाश व पृथ्वी करतो. उत्तर युरोपच्या नॉर्स कथेत यमीर या राक्षसाचे मांस जमीन होते, रक्त समुद्र होतो. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात मात्र युद्ध नाही, यज्ञ आहे. मार्दुकची कथा बाबिलोनच्या देवाचे राज्य प्रस्थापित करते, पुरुषसूक्त यज्ञाला आणि वर्णव्यवस्थेला विश्वाचा आधार देते, तर सिद्धटेकची कथा एका टेकडीला सृष्टीच्या आरंभात जागा मिळवून देते.

१२/ शिरूर तालुक्यातील रांजणगावची परंपरा सांगते की त्रिपुरासुराशी लढण्यापूर्वी शिवाने तिथे गणेशपूजन केले. भीमाशंकरची परंपरा पुढचा भाग सांगते : त्या युद्धानंतर शिवाच्या अंगातून निथळलेल्या घामातून भीमा नदी झाली. ही साऱ्या विश्वाची जन्मकथा नव्हे, एका नदीची आहे. पण काठावरच्या माणसाचे जग त्या नदीनेच घडते. ‘आरंभ’ म्हणजे किती मोठा आरंभ, हेही प्रत्येक समाज आपल्या गरजेनुसार ठरवतो.

१३/ मग कथा कधीच उसन्या घेतल्या जात नाहीत का? घेतल्या जातात, पण ते सिद्ध करण्यास अधिक काही लागते. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी लंडनमध्ये गिल्गमेश महाकाव्यातील जलप्रलयाची कथा उजेडात आणली. तिच्यात आणि ‘उत्पत्ती’मध्ये फक्त पूर समान नाही. नौका, डोंगरावर टेकणे, पाणी ओसरले का हे पाहण्यासाठी पक्षी सोडणे, नंतरचे हवन, हे तपशील जवळपास त्याच क्रमाने येतात. शिवाय दोन्ही समाजांचा प्रत्यक्ष संबंध इतिहासाला ठाऊक आहे. कल्पनेचे साम्य पुरेसे नसते; तपशिलांची साखळी आणि संपर्काचा पुरावा, दोन्ही हवेत.

१४/ आता ही कसोटी शिरूर तालुक्यातच लावून पाहावी. घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातील प्रमुख नावे. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली : घरे, धान्यकोठार, भट्ट्या, जव आणि गव्हाचे दाणे. ‘अत्राहासिस’ची ती प्रत लिहिली गेल्यावर थोड्याच काळात घोडनदीकाठी पहिली घरे उभी राहिली.

१५/ इ. स. पू. सुमारे १३०० च्या एका घरात जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी मिळाली. तिच्यासोबत कच्च्या मातीच्या दोन स्त्रीमूर्ती आणि एक बैल. एका मूर्तीला मस्तक नाही. तिच्या पोटाशी आणि बैलाच्या पाठीवर छिद्रे आहेत. काडी घातली की ती बैलावर बसवता येते. उत्खननकर्त्यांनी तिला देवी मानले. ते संभवनीय आहे.

१६/ पुढची साखळी मात्र फार मोहक आहे. शिरोहीन देवी म्हणजे रेणुका. शिरोहीन देवी म्हणजे लज्जागौरी. रा. चिं. ढेरे यांचा ‘लज्जागौरी’ हा ग्रंथ वाचलेल्याला वारुळाची पूजा आठवते. वारूळ म्हटले की कोरकूंची तांबडी माती. बैल म्हणजे पोळ्याचा मातीचा बैल. पाहता पाहता इनामगावची ‘सृष्टिकथा’ तयार होते, आणि तीन हजार वर्षांची अखंड परंपराही.

१७/ या साखळीच्या कड्या तपासल्या तर त्या जुळत नाहीत. इ. स. पू. ७०० च्या सुमारास वस्ती उजाड झाली. लज्जागौरीच्या ज्ञात मूर्ती त्यानंतर कित्येक शतकांनी दिसू लागतात. इनामगावची शिरोहीन मूर्ती एकटी नाही. तिच्यासोबत मस्तक असलेली दुसरी आहे, तिचे काय? आणि सर्वांत मोठी गोष्ट : या गावाने एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. रेणुकेला कथा आहे. या मूर्तीपाशी फक्त पेटी, काडीचे छिद्र आणि बैल आहे.

१८/ याच गावात घरांच्या जमिनीखाली मुलांची दफने आढळली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत बाळाच्या अस्थी. मडके म्हणजे गर्भाशय, असे चटकन सुचते. सुचण्यात गैर काही नाही. मात्र ज्या आईने आपले मूल चुलीपासून चार हातांवर पुरले, ती त्या मडक्याला काय म्हणत होती, हे त्या सुचण्यातून कळत नाही.

१९/ ‘अत्राहासिस’च्या अखेरीस देव माणसांची संख्या आवरण्यासाठी वांझपण आणि मातेच्या मांडीवरून बाळ हिरावून नेणारी राक्षसी निर्माण करतात. बाबिलोनच्या सृष्टिकथेने मुले का मरतात याचे कठोर उत्तर देऊन ठेवले. घोडनदीकाठीही तोच प्रश्न घरोघरी होता. उत्तरही काही असणारच. ते बाबिलोनचे होते असे मानणे चूक, आणि ते आजच्या पुराणांतले होते असे मानणेही तितकेच चूक. त्या लोकांचे शब्द काळाने नेले. त्या जागी दुसऱ्याचे शब्द ठेवणे म्हणजे ते पुन्हा एकदा पुसणे.

२०/ म्हणून इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनी तक्ता जरूर करावा, पण त्यात आणखी रकाने घालावेत : मातीत काय मिसळले, माणूस कशासाठी घडवला, कथा कोणी, केव्हा, कुठे सांगितली. आणि इनामगावच्या ओळीत त्या साऱ्या रकान्यांत ‘अज्ञात’ असे लिहावे. ती नोंद अपुरी वाटेल, पण खरी असेल. ज्यांच्या कथा अजून बोलल्या जातात, त्या मेळघाटातल्या असोत वा भीमाकाठच्या, त्यांच्या तपशिलांसकट लिहून घेणे हे काम मात्र आजच होऊ शकते. ते राहिले, तर उद्याच्या अभ्यासकाला त्यांच्यापुढेही ‘अज्ञात’ असेच लिहावे लागेल.

(समाप्त)