गोन्सालो : नाव आणि अर्थ



आपल्या बालाघाटकडे गोन्सालो हे नाव कानी पडणे विरळाच. गोन्सालविस हे आडनाव मात्र पुष्कळांस ठाऊक आहे. त्याचा अर्थच मुळी ‘गोन्सालोचा पुत्र’ असा आहे. जसे फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा पुत्र.

हे नाव पोर्तुगीजांबरोबर वसईस आले. त्याचे मूळ प्राचीन जर्मानिक भाषेत असून त्यातील ‘गुंद’ या पदाचा अर्थ युद्ध असा होतो. परंतु ज्याच्यामुळे हे नाव आपणांस वंदनीय झाले, तो वसईचा सुपुत्र गोन्सालो गार्सिया योद्धा नव्हता. पिता पोर्तुगीज, माता कोकणची. जपानात त्याने व्यापार केला. पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन बंधू झाला व दुभाषी म्हणून जपानात परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर चढवून भाल्यांनी विंधण्यात आले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्या सर्वांना संतपद दिले.

माता-पित्यांनो, बाप्तिस्म्यासाठी कोणतेही नाव निवडा. पण त्या संताचे चरित्र आधी जाणून घ्या. उद्या बाळ मोठे होऊन “माझे नाव असे का ठेवले?” म्हणून विचारील, तेव्हा त्याला सांगण्यास आपणांपाशी उत्तर असावे.