गावच्या फळ्यावर कुणाचे नाव?



माझी धाकटी भाची परिचारिका आहे. इंग्लंडात वॉरविकशायर परगण्यातल्या सरकारी इस्पितळात नोकरी करते आणि जवळच्या एका लहानशा खेड्यात नवऱ्यासह भाड्याच्या घरात राहते. मध्यंतरी तिने मोबाईलवर एक फोटो पाठवला. खाली लिहिले होते, "मामा, ही बघा आमच्या गावची चावडी."

फोटोत चावडी नव्हती. रस्त्याच्या कडेला दोन खांबांवर उभी केलेली लाकडी चौकट, तिला काचेचे दार, दाराला कुलूप आणि आत टाचणीने लावलेले दहा-बारा कागद. म्हणजे गावचा सूचना फलक. मी पडलो कारकून. आयुष्य नोटिसा टाईप करण्यात आणि चिकटवण्यात गेले. फोटो मोठा करून एकेक कागद वाचून काढला.

कुठल्या आठवड्यात कुठली कचरापेटी दाराबाहेर ठेवायची, हे एका कागदावर. फिरत्या वाचनालयाची गाडी किती वाजता येणार, हे दुसऱ्यावर. गावच्या सभागृहाचे छप्पर दुरुस्त करायचे म्हणून जुन्या कपड्यांची व वस्तूंची विक्री, चहा आणि केक मिळेल. महिला मंडळाची मासिक बैठक. भाजीपाला व फुलांचे प्रदर्शन. कुणाचे तरी करडे मांजर हरवले आहे, त्याचा फोटो. जुन्या लाल टेलिफोनच्या खोक्यात आता टेलिफोन नाही, तिथे हृदय बंद पडल्यास झटका देणारे यंत्र ठेवले आहे, ते कसे वापरावे याची माहिती. शिवाय दर महिन्याला चार-आठ पानांचे गावपत्र निघते आणि गावातलीच माणसे ते घरोघर टाकतात, असे भाचीने कळवले. कोण वारले, कुणाला मूल झाले, कुणाची पायवाट चिखलाने बंद झाली, सारे त्यात असते.

हे वाचून कुणालाही वाटेल, काय हे गोड गाव! किती एकोप्याने राहतात ही माणसे! पण बाबासाहेबांच्या अनुयायाने कुठल्याही खेड्याला असे एकदम गोड म्हणू नये. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गोडव्यांवर किती कठोर शब्दांत टीका केली होती, हे आपण जाणतोच. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर म्हणजे आपले खेडे, असा त्यांचा निष्कर्ष होता. आणि हे गोडवे बहुतांशी कुणामुळे पसरले, तर मेटकाफ नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यामुळे, हेही त्यांनी त्याच भाषणात दाखवून दिले. हिंदुस्थानातली खेडी म्हणजे लहान लहान प्रजासत्ताके, असे हा मेटकाफ १८३० साली लिहून गेला.

आता गंमत पाहा. मेटकाफसाहेब आपल्या खेड्याची स्तुती लिहीत होता, त्याच काळात त्याच्या स्वतःच्या देशातल्या खेड्यात काय चालले होते?

याच वॉरविकशायरमध्ये बारफर्ड नावाच्या खेड्यात १८२६ साली जोसेफ आर्च नावाचा मुलगा एका शेतमजुराच्या पोटी जन्मला. सात वर्षांचा असताना त्याने चर्चच्या दाराच्या कुलपाच्या भोकातून आत डोकावून पाहिले. आत प्रसादाचा विधी चालला होता. आधी जमीनदार पुढे गेला. मग मोठे शेतकरी. मग दुकानदार, सुतार, लोहार. आणि सगळ्यांच्या शेवटी, सगळे आटोपल्यावर, शेतमजूर. त्यांत त्याचा बापही होता. देव एक, धर्म एक, कातडीचा रंगही एक, तरी रांग वेगळी! ही हकिगत आर्चने पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. आपल्यापैकी ज्यांनी मंदिराच्या पायरीबाहेर उभे राहिलेला आजा पाहिला आहे, त्यांना ती समजावून सांगायला नको.

१८३४ साली डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल गावच्या ६ शेतमजुरांना ७ वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियात धाडले. गुन्हा काय, तर मजुरी कमी होऊ नये म्हणून त्यांनी संघटना बांधली आणि तिची शपथ घेतली. गावोगावच्या लोकांनी आवाज उठवला, तेव्हा १८३६ मध्ये सरकारला त्यांना माफी द्यावी लागली.

गावचा कारभार तेव्हा चर्चमधल्या सभेत चाले. १८१८ च्या कायद्याने या सभेत मालमत्तेच्या हिशोबाने मते ठरवली होती. लहान करदात्याला १ मत आणि बड्या मालमत्तेवाल्याला ६ पर्यंत मते! 'एक माणूस, एक मूल्य' हा बाबासाहेबांचा आग्रह आठवा, म्हणजे या सहा मतांचा अर्थ कळेल.

हे बदलले कसे? जमीनदाराला दया आली म्हणून नाही. ७ फेब्रुवारी १८७२ च्या संध्याकाळी वेल्सबोर्न गावी चेस्टनटच्या झाडाखाली जोसेफ आर्च बोलायला उभा राहिला, तेव्हा अंधारात कंदील धरून शेकडो मजूर जमले होते. त्यातून शेतमजुरांची देशव्यापी संघटना झाली. १८८४ साली खेड्यातल्या मजुराला संसदेच्या निवडणुकीत मताचा अधिकार मिळाला. १८८५ साली हाच आर्च, कुलपाच्या भोकातून पाहणारा पोरगा, पार्लमेंटात निवडून गेला. आणि १८९४ साली कायदा झाला, ज्याने चर्चच्या हातून गावचा कारभार काढून निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे दिला. पॅरिश कौन्सिल म्हणजे तिथली ग्रामपंचायत. त्या निवडणुकीत बायकांनाही मत देता येत होते आणि उभे राहता येत होते. पार्लमेंटच्या निवडणुकीत मत मिळायला त्यांना १९१८ पर्यंत थांबावे लागले, हे लक्षात घ्या.

त्या १८९४ च्या कायद्यातल्या दोन लहान गोष्टी मला फार आवडल्या. एक, गावसभा संध्याकाळी ६ च्या आधी सुरू करायची नाही. कारण उघड आहे. दिवसा सभा घेतली तर शेतावरचा मजूर येणार कसा? दुसरी, दुसरी योग्य जागा मिळत असेल तर सभा दारूच्या गुत्त्यात घ्यायची नाही. पंचशील पाळणाऱ्या आपल्या उपासक-उपासिकांना ही अट ऐकून बरे वाटेल! पुढे १९७२ च्या कायद्यानेही या दोन्ही अटी कायम ठेवल्या.

म्हणजे भाचीने पाठवलेल्या त्या काचेच्या पेटीमागे कायदा उभा आहे. कौन्सिलच्या सभेची नोटीस गावात सहज दिसेल अशा जागी, मधले किमान ३ पूर्ण दिवस सोडून, आधी लावलीच पाहिजे. १९६० च्या कायद्याने कौन्सिलच्या सभेला कुणालाही जाऊन बसता येते. गावसभा बोलवायला कौन्सिल तयार नसेल तर कुठलेही ६ मतदार मिळून ती बोलावू शकतात. दर वर्षी हिशोब झाले की तेही खुले करावे लागतात. कामाचे ३० दिवस, आणि त्यात जुलै महिन्याचे पहिले १० कामाचे दिवस यावेच लागतात. कुठलाही मतदार वह्या, बिले, पावत्या मागून पाहू शकतो, हिशोब तपासनिसाला प्रश्न विचारू शकतो. मी बी.कॉम. झालेला माणूस. जगातली सगळी गोड भाषणे एका बाजूला आणि ही ३० दिवसांची नोटीस एका बाजूला ठेवली, तर मी नोटीस उचलेन.

आता त्या फलकावरचा शेवटचा कागद सांगतो. संध्याकाळची बस बंद होणार, अशी ती सूचना होती. भाचीची पाळी रात्रीची. तिला मोटार चालवता येत नाही. बस गेली तर नोकरी कशी करायची? मी फोनवर म्हटले, "अगं, मग त्या सभेला जा ना."

"मामा, मी परकी बाई. तिथं सगळी म्हातारी गोरी माणसं. मी काय बोलणार?"

मी विचारले, "मतदार यादीत नाव आहे का?" नाव होते. भारताचे नागरिक राष्ट्रकुलातले म्हणून, तिथे रीतसर राहात असतील तर, त्यांना तिथे मतदार होता येते. आणि वार्षिक गावसभेत मतदाराला बोलण्याचा हक्क आहे. मे महिन्यात ती गेली. सभागृहात खुर्च्या पुष्कळ आणि माणसे थोडी होती, असे तिने सांगितले. तिथेही लोक घरीच बसतात. कौन्सिलच्या जागांना कित्येक गावी पुरेसे उमेदवारही मिळत नाहीत. हक्क मिळाला की त्याच्यासाठी कोण भांडले होते, ते माणूस विसरते. हा रोग काही आपल्याच समाजाला आहे असे नाही.

भाची उभी राहिली आणि चार वाक्ये बोलली. रात्रपाळीच्या परिचारिका, दुकानातल्या मुली, म्हातारी माणसे या बसवर अवलंबून आहेत, एवढेच. काही दिवसांनी सभेचा वृत्तांत त्याच काचेआड लागला. त्यात तिचे म्हणणे तिच्या नावानिशी नोंदले होते आणि ते वरच्या कौन्सिलला कळवण्याचे ठरले होते. बस अजून पूर्ववत झालेली नाही. खोटे कशाला सांगू? पण तो फोटो मी आमच्या मातोश्रींना दाखवला आणि त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

कारण माझे आजोबा, म्हणजे या पोरीचे पणजोबा, गावचे येसकर होते. गावात कुणी मेले की सांगावा घेऊन त्यांनी उन्हातान्हात दहा-दहा कोस जायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहून निरोप सांगायचा आणि मिळेल ती भाकरी पदरात घेऊन परतायचे. साऱ्या गावाची बातमी आमच्या पायांनी चालली. पण चावडीवरच्या कागदात आमचा शब्द कधी चढला नाही. ही वतनाची बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले. आपली बातमी आपणच लिहावी म्हणून ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले. आज त्या येसकराच्या पणतीचे म्हणणे इंग्रजांच्या गावच्या फळ्यावर नोंदले गेले.

वाचकहो, ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून आपल्याही ग्रामसभेला घटनेचा आधार आहे. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. पण आपल्यापैकी किती जण ग्रामपंचायतीचा फलक वाचतात? ग्रामसभेला आपल्या वस्तीतून किती बाया जातात? नाव सभेच्या नोंदवहीत चढले की नाही, हे किती जण परत जाऊन पाहतात?

आणि दुसऱ्याला विचारण्याआधी स्वतःलाही विचारू. जयंतीची वर्गणी आपण घरोघर फिरून गोळा करतो. तिचा जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लागतो काय? ज्या वस्तीत लागत असेल त्या कार्यकर्त्यांना माझा मानाचा जयभीम. जिथे लागत नसेल, तिथे येत्या पौर्णिमेच्या वंदनेनंतर कुणीतरी एक पाटी, चार टाचण्या आणि एक कागद घेऊन यावे. लिहिता येणाऱ्या पोरीकडून जमा आणि खर्च सुवाच्य अक्षरात लिहून घ्यावा. खाली तिचे नाव घालायला विसरू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!