सीनियर रँग्लरच्याही वर

गेल्या महिन्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं भावाबहिणींचे सहामाहीचे निकाल एकाच दिवशीं आले. मुलास गणितांत ३८ गुण. वडील म्हणाले, “आळशी आहे, शिकवणी लावूं.” मुलीस ४१. आजीबाई म्हणाल्या, “असूं दे, बायकांना कुठलें गणित जमायला!” मुलाचा दोष अभ्यासाचा, मुलीचा मात्र स्त्रीजन्माचा! आतां ती गणितच सोडूं म्हणते, असें कळलें.

सीनियर रँग्लर म्हटलें कीं आपणांस १८९९ सालचे रघुनाथराव परांजपे आठवतात. त्यापूर्वी नऊ वर्षें, १८९० सालीं, केंब्रिजच्या त्याच परीक्षेस फिलिपा फॉसेट ही तरुणी बसली होती. पार्लमेंटांत हिंदुस्थानचा कैवार घेणारे अंध पंडित हेन्री फॉसेट यांची ही कन्या. स्त्रियांना १८८१ पासून परीक्षेची मुभा होती, पदवीची नव्हती. पुरुषांची यादी वाचून झाल्यावर स्त्रियांचे क्रमांक ‘अमक्याच्या व तमक्याच्या मध्यें’ अशा रीतीनें सांगत. फिलिपाचें नांव आलें तें ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असें! सभागृह दुमदुमून गेलें. तिचे गुण त्या पहिल्या आलेल्या गृहस्थाहून शेंकडा १३ अधिक होते. केंब्रिजनें स्त्रियांस पदवी दिली १९४८ सालीं. त्याच वर्षीं ही बाई वारली.

अशी एखादीच, असें कोणी म्हणेल. तर अमेरिकेंतील आंकडे पाहावे. तेथें तेरा वर्षांखालील बुद्धिमान मुलांच्या गणिती परीक्षेंत ८०० पैकीं ७०० वा अधिक गुण मिळविणाऱ्यांत दर मुलीमागें १३ मुलगे निघाले. १९८३ सालीं हें प्रसिद्ध होतांच, हा निसर्गाचाच निवाडा, असें पुष्कळांस वाटलें. पुढील पंचवीस-तीस वर्षांत तेंच प्रमाण एकास चाराच्या आसपास आलें. बरोबरी झालेली नाहीं, हें आम्ही लपवीत नाहीं. त्याच्या कारणांविषयीं विद्वानांत अजून वाद आहे. परंतु तेवढ्या अवधींत मुलींचा मेंदू बदलला, असें त्यांपैकीं कोणीच म्हणत नाहीं.

आजीबाईंवर आमचा रोष नाहीं. व्याजाचा हिशेब त्या आजही तोंडीं करितात, आणि चुकत नाहींत! त्यांच्याच देखत मुलीची उत्तरपत्रिका मागवून पाहिली. बहुतेक गुण एकाच चुकीपायीं गेले होते : कंस सोडवितांना ऋण चिन्ह बदलावयाचें राहत होतें. तें समजावून देण्यास अर्धा तास लागला. गणित सोडावयाचें कीं कसें, तें ती आतां वार्षिक परीक्षेनंतर ठरविणार आहे.