विश्लेषण : सुई न टोचता शुगर सांगणारी स्मार्टवॉच, आकडा जुळतो, पण घड्याळ मोजतं काय?

सुई नको, रक्ताचा थेंब नको, घड्याळ मनगटावर बांधलं की शुगर कळेल, असा दावा करणारी स्वस्त स्मार्टवॉच ऑनलाइन बाजारात सहज मिळतात. नव्या गॅजेटची हौस असलेले अनेक जण ती घेतात, ग्लुकोमीटरशी ताडून बघतात आणि ‘आकडा जवळपास जुळला’ असं सांगतात. मग कुणी ते घड्याळ वाढदिवसाला आई-वडिलांना भेट देतं. अडचण अशी की सुई न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, म्हणजे एफडीएने, मान्यता दिलेली नाही. मग आकडा जुळतो कसा? आणि न जुळला तर काय होऊ शकतं?

एफडीएने नेमकं काय सांगितलं?

२१ फेब्रुवारी २०२४ रोजी एफडीएने ग्राहक, रुग्ण आणि डॉक्टर या सगळ्यांसाठी एक इशारा प्रसिद्ध केला. त्वचेला न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी स्मार्टवॉच आणि स्मार्ट रिंग त्या कामासाठी वापरू नका, असं त्यात म्हटलं होतं. इशाऱ्यात एकाही कंपनीचं नाव नव्हतं. ही उपकरणं असंख्य ब्रँडच्या नावांनी विकली जातात, त्यामुळे ब्रँड कोणताही असला तरी इशारा लागू आहे, असं एफडीएचं म्हणणं होतं.

यात एक अपवाद आहे. काही रुग्ण दंडावर किंवा पोटावर वेगळा सेन्सर लावतात आणि त्याचा आकडा घड्याळाच्या स्क्रीनवर बघतात. तिथे मोजमाप सेन्सर करतो, घड्याळ फक्त दाखवतं. अशा वापराला हा इशारा लागू नाही.

घड्याळाला हृदयाचे ठोके कळतात, मग साखर का कळत नाही?

स्मार्टवॉच उलटं करून बघितलं की मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. हा प्रकाश त्वचेत शिरतो आणि त्यातला काही परत येतो. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांमधलं रक्त किंचित वाढतं आणि कमी होतं. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं, त्यामुळे परत येणारा प्रकाशही त्याच तालावर कमी-जास्त होतो. हे चढउतार मोजले की ठोके मिळतात.

करोनाकाळात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटरही याच जातीचा. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन लाल आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. त्या फरकावरून ऑक्सिजनची टक्केवारी काढली जाते.

दोन्ही ठिकाणी मदतीला येतं ते हिमोग्लोबिन. त्याला ठळक रंग आहे आणि ते भरपूर आहे. एका डेसिलिटर रक्तात ते साधारण १२ ते १७ ग्रॅम असतं. ग्लुकोजची गोष्ट अगदी उलट आहे. निरोगी माणसाच्या एका डेसिलिटर रक्तात ते सुमारे १०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.१ ग्रॅम असतं. शरीरात पाच लिटर रक्त धरलं तरी एकूण ग्लुकोज पाचेक ग्रॅम, चहाच्या चमचाभर साखरेएवढं! शिवाय ग्लुकोजला रंग नाही. अवरक्त प्रकाशात त्याची जी खूण उमटते, ती पाणी, प्रथिनं आणि चरबी यांच्या कितीतरी मोठ्या खुणांखाली दबून जाते. त्यात घाम, त्वचेचं तापमान, पट्टा किती घट्ट बांधलाय, हात किती हलतोय, यांनी होणारे बदल साखरेच्या बदलापेक्षा मोठे असतात.

त्वचेच्या रंगाचाही प्रश्न आहे. ऑक्सिमीटरमधली त्रुटी २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या अभ्यासातून पुढे आली. रक्तातला ऑक्सिजन धोकादायक पातळीला उतरूनही ऑक्सिमीटरच्या ते लक्षात न येण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जवळपास तिप्पट होतं. रुळलेल्या तंत्रज्ञानाची ही गत असेल, तर साखरेसारखं क्षीण सिग्नल शोधणं किती अवघड असेल याची कल्पना येते.

तरीही आकडे जुळतात कसे?

आकडा कशामुळे जुळला, हा प्रश्न अशी चाचणी करणाऱ्यांकडून बहुतेक वेळा राहून जातो.

मधुमेह नसलेल्या माणसाची साखर दिवसभर एका अरुंद पट्ट्यातच फिरते. उपाशीपोटी ती साधारण ७० ते १०० असते आणि जेवणानंतरही सहसा १४० च्या आत राहते. घड्याळाला वेळ माहीत असते. अ‍ॅपमध्ये वय, वजन आणि मधुमेह आहे की नाही, हेही आपण भरलेलं असतं. सकाळी ९५ आणि दुपारच्या जेवणानंतर १२५ दाखवायला सेन्सरची गरजच नाही. काही उपकरणं सुरुवातीला ग्लुकोमीटरचा आकडा भरायला सांगतात. म्हणजे उत्तर आधीच हातात आलेलं असतं, पुढचे आकडे त्याच्या आसपास फिरवले की झालं.

एक उदाहरण घेऊ. समजा, ग्लुकोमीटरने १०४ दाखवलं आणि घड्याळाने ११०. ग्लुकोमीटरसाठी जो आंतरराष्ट्रीय निकष आहे, त्यानुसार साखर १०० किंवा त्याहून जास्त असताना १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. १०४ ला सुमारे १६ अंकांची सवलत, फरक मात्र ६ चाच. घड्याळ पास! आता तेच घड्याळ अशा रुग्णाला बांधा ज्याची साखर २६० आहे किंवा ५५ आहे. तिथेही ते ११८ दाखवत असेल, तर ते आधीही काही मोजत नव्हतं, हे उघड होतं.

म्हणून निरोगी माणसाने चार वेळा ताडून पाहिलेल्या आकड्यांना फारसा अर्थ नाही. बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं. खऱ्या उपकरणाची चाचणी साखर खूप वर आणि खूप खाली असलेल्या अनेक रुग्णांवर, प्रयोगशाळेतल्या यंत्राशी ताडून होते. वरचा निकषही १०० पैकी ९५ आकडे मर्यादेत बसावेत, असं सांगतो.

चुकीच्या आकड्याने काय बिघडतं?

पावलं मोजण्यात शे-दोनशेची चूक झाली तर कुणाचं काही जात नाही. साखरेच्या आकड्यावर मात्र माणसं औषध ठरवतात. साखर प्रत्यक्षात ८० असताना घड्याळाने २२० दाखवलं आणि रुग्णाने त्यावर इन्सुलिनचा डोस वाढवला, तर साखर झपाट्याने खाली येते. ७० च्या खाली घाम, थरथर, धडधड सुरू होते. ५४ च्या खाली गेली तर ती गंभीर अवस्था मानली जाते. चुकीचा डोस घेतल्यावर काही तासांतच गोंधळलेली अवस्था, कोमा आणि मृत्यूही ओढवू शकतो, असं एफडीएने इशाऱ्यात स्पष्ट म्हटलं आहे.

उलट चूकही तितकीच वाईट. साखर खरोखर ३०० च्या घरात असताना घड्याळ १३० दाखवत राहिलं, तर रुग्ण निर्धास्त राहतो, तपासणी लांबवतो. डोळे, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा यांचं नुकसान त्या काळात शांतपणे सुरू असतं.

भारतात हा धोका किती जणांना आहे, हे आकड्यांवरून कळतं. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०२१ मध्ये देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह होता आणि आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळलं.

मग दंडावर लावतात तो सेन्सर काय असतो?

त्याला सीजीएम म्हणतात. दिसायला तो मोठ्या बटणासारखा असतो, पण त्याच्या खाली केसासारखी बारीक तार असते आणि ती त्वचेखाली जाते. म्हणजे टोचणं इथेही आहे, फक्त दहा-पंधरा दिवसांतून एकदा. त्या तारेवरचं एन्झाइम पेशींभोवतीच्या द्रवातल्या ग्लुकोजशी अभिक्रिया करतं, त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्यावरून आकडा मिळतो. रक्तातला बदल या द्रवात काही मिनिटांनी पोहोचतो, त्यामुळे सीजीएमचा आकडा थोडा मागे असतो. पण तो ग्लुकोजला स्पर्श करून मोजलेला असतो.

मार्च २०२४ मध्ये एफडीएने डेक्सकॉम कंपनीच्या ‘स्टेलो’ या सीजीएमला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीची परवानगी दिली, तीही फक्त इन्सुलिन न घेणाऱ्यांसाठी. भारतातही सीजीएम मिळतात. मात्र एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात आणि मुदत संपली की नवा घ्यावा लागतो. स्वस्त घड्याळाचा मोह पडतो तो यामुळेच. रोज बोट टोचायचा कंटाळा आणि पट्ट्यांचा खर्च खरा आहे, त्यामुळे ग्राहकाला भोळा म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं ठरेल.

मोठ्या कंपन्यांनी प्रयत्न केले नाहीत का?

केले, आणि अनेकांनी हात पोळून घेतले. २००१ मध्ये एफडीएने ‘ग्लुकोवॉच’ नावाच्या घड्याळाला मान्यता दिली होती. ते सौम्य विद्युतप्रवाहाने त्वचेतून द्रव ओढून साखर मोजायचं. त्वचेची जळजळ ही त्याबद्दलची नेहमीची तक्रार होती आणि बोट टोचून पडताळणी करावीच लागायची. काही वर्षांतच ते बाजारातून गेलं.

जानेवारी २०१४ मध्ये गूगलने अश्रूंमधली साखर मोजणारी कॉन्टॅक्ट लेन्स जाहीर केली. जगभर तिची चर्चा झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिच्याच व्हेरिली या कंपनीने तो प्रकल्प थांबवला, कारण अश्रूंमधल्या साखरेवरून रक्तातल्या साखरेचा भरवशाचा आकडा मिळत नव्हता. अ‍ॅपलचे प्रयत्न स्टीव्ह जॉब्ज यांच्या काळापासून सुरू असल्याचं वृत्त ब्लूमबर्गने २०२३ मध्ये दिलं होतं, पण अ‍ॅपलच्या घड्याळात ही सोय आलेली नाही.

संशोधन थांबलेलं नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले संशोधक प्रकाशाच्या झोताने ऊतींमध्ये उमटणाऱ्या ध्वनिलहरींवरून ग्लुकोज ओळखण्याची पद्धत विकसित करत आहेत. मात्र ही कामं अजून प्रयोगशाळेतल्या मांडणीपुरती आहेत. बड्या कंपन्यांना इतक्या वर्षांत जे साधलं नाही, ते एखाद्या अनोळखी ब्रँडला दीड-दोन हजारांत साधलं असेल, तर ती बातमी जाहिरातीतून नव्हे, वैद्यकीय नियतकालिकातून आली असती.

भारतात यावर नियम आहेत का?

आहेत. ग्लुकोमीटर हे भारतात वैद्यकीय उपकरण मानलं जातं. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने निदानासाठी वापरली जाणारी सगळीच उपकरणं औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. त्यांचं नियमन केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजे सीडीएससीओ करते.

पळवाट निघते ती शब्दांतून. जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘ब्लड शुगर’ असतं आणि माहितीपत्रकात बारीक अक्षरात ‘वैद्यकीय वापरासाठी नाही, केवळ वेलनेससाठी’ असं लिहिलेलं असतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच प्रकार केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

घरात असं घड्याळ आलंच असेल तर?

ते फेकून द्यायची गरज नाही. पावलं, ठोक्यांचा अंदाज, फोनचे मेसेज यासाठी खुशाल वापरा. साखरेचा स्क्रीन मात्र बंद करा, विशेषतः घड्याळ ज्येष्ठांच्या हातावर असेल तर. त्या आकड्यावरून गोळी किंवा इन्सुलिन कमी-जास्त करू नये आणि नियमित तपासणीही टाळू नये.

घाम, थरथर, गरगरणं जाणवलं तर घड्याळ काहीही दाखवत असो, ग्लुकोमीटरने तपासावं. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावं.

आणि उद्या कुणी नवं उपकरण दाखवलं, तर दोन प्रश्न विचारावेत. हे ग्लुकोजला नेमकं कुठे आणि कसं गाठतं? आणि साखर ५५ किंवा २६० असलेल्या रुग्णांवर याची चाचणी झाली आहे का? या दोन्हींची उत्तरं माहितीपत्रकात सापडली नाहीत, तर तो आकडा उपचारासाठी वापरू नये.