रक्तदाब शाळेतच मोजायला हवा

“बी.पी. हा आजोबांचा आजार,” असे आपण सहज बोलून जातो. शाळांच्या वैद्यकीय तपासणीत उंची, वजन, दात, डोळे पाहतात. रक्तदाब मात्र बहुधा राहूनच जातो. माझ्या मते हे बदलले पाहिजे. वाढलेला दाब दुखत नाही, पण रोहिणीची (धमनीची) भिंत तो गुपचूप बदलत असतो.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला महारोहिणी ताणली जाते व पुन्हा पूर्ववत होते. ही लवचीकता इलॅस्टिन नावाच्या प्रथिनामुळे येते. ते मुख्यतः जन्माआधी व बालपणी तयार होते. पुढे तीच शिदोरी आयुष्यभर पुरवायची असते. दाब सतत जास्त राहिला की हे धागे झिजून तुटतात आणि कोलॅजनचे ताठ धागे वाढतात. लहान रोहिण्यांत भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते. वाट अरुंद झाली की दाब आणखी वाढतो.

अमेरिकेतील बोगालुसा गावात १९७३ साली मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यातील जी मुले पुढे अपघातात वा अन्य कारणांनी तरुणपणीच दगावली, त्यांच्या रोहिण्या तपासल्या गेल्या. ज्यांचा रक्तदाब, वजन व कोलेस्टेरॉल जास्त होते, त्यांच्यात चरबीचे थर अधिक आढळले.

आपल्याकडे २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. साताऱ्यासारख्या जिल्ह्यांत सरकारी आरोग्य केंद्रांतून नियमित मोजणी व औषधे मिळू लागली. पण तो प्रौढांसाठी. मुलांचे काय?

विश्वस्तांना विनंती, की आठवी ते दहावीच्या मुलांचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजावा. पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचा हवा; आधी पाच मिनिटे शांत बसवावे. तेरा वर्षांपुढे १३०/८० किंवा अधिक आढळल्यास घाबरू नये. वेगवेगळ्या तीन दिवशी मोजून मगच डॉक्टरांकडे जावे. आकडा मात्र वर्गात जाहीर करू नये.

पालकांनो, जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, इतकेच मीठ सांगते. मुलांना त्याहून कमी. गिरमिट-मिरची कधीतरी जरूर खावी, पण लोणचे-पापड रोज दोन्ही वेळा कशाला? बेलूरच्या कारखान्यांत शिफ्ट असलेल्या घरांत जेवणाच्या व झोपेच्या वेळा बिघडतात, तेथे मुलांची झोप तरी सांभाळावी.

विद्यार्थी मित्रांनो, संध्याकाळी तासभर मैदानावर या. चष्म्याचा नंबर वेळीच कळावा म्हणून आपण डोळे तपासतो. रोहिण्यांसाठीही तेवढीच तत्परता दाखवू या.